उजवीकडून तिसरा

आमच्या घरात ही गोष्ट हसायची म्हणून ठरलेली आहे. लग्नकार्यात जेवणं आटोपली, चार पाहुणे ओसरीवर टेकले की एखादं पोर म्हणतंच, "नाना, ते शेटजींच्या छत्रीचं सांगा ना." मग मी सांगतो. धुळ्याच्या माझ्या स्टुडिओत एक कापसाचे व्यापारी छत्री उगारून माझ्यामागे कसे धावले, मी कॅमेऱ्याच्या तिपाईखालून कसा निसटलो, आणि मी स्वतः रंगवलेल्या पडद्यातल्या राजवाड्याच्या जिन्यातून छत्रीचं टोक कसं आरपार गेलं. पोरं लोळतात. माझं आजचं पोट आणि ती तिपाई यांचा मेळ त्यांना घालता येत नाही. त्या वेळी पोट नव्हतं, एवढा खुलासा मी करत नाही.

आणखीही बऱ्याच गोष्टींचा करत नाही. परवा धाकट्या पुतणीनं मध्येच विचारलं, "पण नाना, त्या बाईचं काय झालं?" मी म्हणालो, "तिला तिचा फोटो मिळाला," आणि पानाचा डबा पुढे ओढला. पोरीनं मान डोलावली. तेव्हापासून जो माझा मला संताप आला आहे तो बसायला तयार नाही. म्हणून लिहायला घेतलं. हसवायचं बघणार आहे. जिथे जमणार नाही तिथे नाइलाज.

धंदा मी जळगावात मामांकडे शिकलो. मेहरूणच्या बाजूला त्यांचं घर, आणि घराला लागून उत्तरेकडे काचेचं छप्पर काढलेली एक खोली. मामांनी मला कॅमेऱ्यात काचेची प्लेट भरायला शिकवलं, फोटोत मान हलू नये म्हणून लावायच्या चिमट्यात माणसाला मान न दुखवता बसवायला शिकवलं, आणि धंद्याचं एक सूत्र शिकवलं. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक चुकलं तर गिऱ्हाईक चुकलं. आपण चुकलो तर उजेड चुकला." मी हे सूत्र घेऊन धुळ्याला आलो आणि पाटी लावली. पुढे तिथल्या एका साप्ताहिकाला वकील-डॉक्टरांचे चेहरे लागायला लागले, ते मी काढून देऊ लागलो, आणि एकदा त्यांनी चित्राखाली 'आमचे कुशल छायाचित्रकार' असं छापलं. तो अंक मी दर्शनी भिंतीवर काचेत लावला होता. गिऱ्हाइकाला बसायची खुर्ची अशी मांडली होती, की मान वळवली तर तोच दिसावा.

पण घर चालायचं ते वकील-डॉक्टरांवर नाही, मेलेल्यांवर. खेड्यातला माणूस तेव्हा जिवंतपणी फोटो काढत नसे. फोटोनं आयुष्य घटतं म्हणत. गेल्यावर मात्र भिंतीवर फोटो हवा, त्याला हार हवा. म्हणजे लोक आमच्याकडे यायचे ते चेहरा संपल्यानंतर. मग कुठल्यातरी लग्नातला, शाळेतला ग्रुप शोधायचा, त्यातलं नखाएवढं डोकं मोठं करायचं. मोठं केलं की ते पाण्यात टाकलेल्या बत्ताशासारखं होई. तिथून पुढे माझी पेन्सिल. डोळ्यांत बुबुळ, ओठांना कड, गालांवर तुकतुकी. याला आम्ही फिनिशिंग म्हणत असू. माझ्या हातून निघालेले खानदेशातले सगळे मयत एकमेकांचे सख्खे भाऊ वाटायचे. लोक म्हणत, हात काय सुंदर आहे. चेहरा काय खरा आहे, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक रीत सांगायला हवी. काचेच्या जुन्या प्लेटी आम्ही फार दिवस ठेवत नसू. सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवल्या की वरचा मसाला चित्रासकट सुटून येई आणि खाली स्वच्छ काच उरे. ती फ्रेमवाल्याला जायची. धुळ्यातल्या कितीतरी देवांच्या तसबिरींवर माझ्या गिऱ्हाइकांच्या काचा आहेत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आणि तिचा दीर आले. बाईचा एकुलता मुलगा इथे धुळ्यात, देवपुरात शाळेला होता, तिथेच राहायचा. पावसाळ्यात मुदतीच्या तापात गेला. तेरा-चौदा वर्षांचा. नवरा आधीच गेलेला. मुलाचा फोटो एकच, तोही मीच काढलेला: शाळेचा वर्गाचा ग्रुप. दिरानं शाळेत जाऊन हेडमास्तरांकडून चिठ्ठी आणली होती. 'मागील रांग, उजवीकडून तिसरा.' खाली सही, सहीखाली दोन रेघा.

दीर आत खुर्चीवर बसला, साप्ताहिकाकडे मान वळवून. बाई बाहेर पायरीवर बसली, मांडीवर गाठोडं. तिला आत बोलवावं हे त्याला सुचलं नाही, मलाही नाही. फोटोचं बोलणं पुरुषांचं, आणि चिठ्ठी हेडमास्तर साहेबांची.

ते गेल्यावर मी कपाटातून प्लेट काढली आणि पेन्सिलीच्या मेजावर ठेवली. आता माझी अक्कल बघा. प्लेटीवर काम करताना आम्ही मसाल्याची बाजू आपल्याकडे ठेवतो, कारण पेन्सिल त्याच बाजूवर चालते. त्या बाजूनं सगळं आरशातल्यासारखं दिसतं. उजवं ते डावं. हे पहिल्या महिन्यात शेंबडं पोरही शिकतं. त्यातून ती निगेटिव्ह. चेहरे काळे, काळ्या टोप्या पांढऱ्या. अठ्ठावीस काळी तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि कुशल छायाचित्रकारांनी उजवीकडून एक, दोन, तीन मोजलं, तिसऱ्यावर पेन्सिलीनं खूण केली.

एक साधा छाप काढून त्या बाईपुढे ठेवला असता तर तिनं बोट ठेवलं असतं. दहा पावलांवर बसली होती. एका कागदाचा आणि तासाभराचा प्रश्न होता.

पंधरा दिवसांनी दोघं फोटो न्यायला आले. मी फ्रेम कापडातून काढून, जरा लांब धरून दाखवली. अशी दाखवली म्हणजे बायका रडतात, हे मला माहीत होतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचंही. ही रडली नाही. फ्रेम हातात घेऊन उजेडाकडे गेली, पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, हाऊ मना आंडोर नही शे."

हा माझा मुलगा नाही. माझी आई घरात हीच बोली बोलायची. मी मात्र गिऱ्हाइकांपुढे ती केव्हाच टाकून दिली होती. मी पुस्तकी मराठीत हसलो. म्हणालो, "अक्का, फोटोत माणूस वेगळा दिसतो. दुःखात तर आणखीच."

"तेन्ही भिवईमा खांडूक व्हती," ती म्हणाली. डाव्या भुवईत खाच होती. लहानपणी गोऱ्ह्याचं शिंग लागलेलं. "कथी गई ती?"

"ते आम्ही काढून टाकतो," मी म्हणालो. "फिनिशिंगमध्ये डाग, व्रण काही ठेवत नाही. आता भिंतीवर कायमचं लावायचं, तर चांगलं नको?"

आणि हे खरंच होतं, हीच त्यातली हलकट गोष्ट. दाखवलेली प्रत्येक खूण माझ्या पेन्सिलीनं पुसलेली असू शकत होती. कान वेगळे म्हणाली, मी म्हणालो, टोपीमुळे. हनुवटी वेगळी म्हणाली, मी म्हणालो, मान खाली होती. माझ्याकडे प्रत्येक अवयवाला उत्तर होतं. दीर अवघडून म्हणाला, "वैनी, साहेबनी लिखी दिधं शे ना. साहेब चुकतीन का?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फ्रेम त्याच्या हातात दिली. आपल्या हातात ठेवली नाही. हे मी त्याच वेळी बघितलं होतं. चेहरे बघण्यावरच माझं पोट होतं, मला दिसलं नाही असं म्हणता येत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती एकटी आली. पायरीवर बसली. मी कोणाचीशी मान चिमट्यात बसवत होतो. ते गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "भाऊ, बठ्ठा पोरेस्ना फोटो दखाड. मी वळखी लेसू." सगळ्या पोरांचा दाखव, मी ओळखीन. तिथला ग्रुप बघायला म्हणून शाळेतही ती जाऊन आली होती. शिपायानं फाटकाशीच विचारलं, कोणाची आई, हिनं सांगितलं, तो म्हणाला, त्याचं नाव तर पटावरून काढलं, आता आत काय काम?

प्लेट माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. वरून दुसऱ्या खणात. मी हात लांब केला असता तर लागली असती.

मी म्हणालो, "अक्का, ती धुतली. जुन्या काचा आम्ही धुऊन टाकतो."

का म्हणालो? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कामाची घाई होती, ती रोज येऊन बसली असती, गिऱ्हाइकं बिचकली असती. सगळं झूट. तिनं भुवईतली खाच म्हटल्यापासून माझ्या मनात शंका होती, आणि ती शंका उजेडात धरून बघायची मला हिंमत नव्हती. प्लेट न बघता मला बरोबर राहता येत होतं. बघितली असती तर कोणीतरी चुकलं असतं, आणि या खेपेला उजेडावर ढकलता आलं नसतं.

"धुई टाकी?" ती म्हणाली.

"हो."

ती उठली आणि गेली. पुन्हा आली नाही. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

यापुढचा भाग घरातल्या पोरांना पाठ आहे. सहा-सात महिने गेले. पारोळ्याचे एक व्यापारी कापसाच्या खरेदीसाठी त्या खेड्यात गेले होते. मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या इथल्या. त्या दिराच्या ओट्यावर सौद्याला बसले. पाणी आलं, गूळ आला, त्यांनी सहज आत नजर टाकली, तर भिंतीवर त्यांचा थोरला मुलगा, देवपुरात त्याच वर्गात शिकणारा. कुंकू लावलेला, गळ्यात झेंडूचा हार, खाली उदबत्ती. शेटजी तिथेच आडवे झाले. सुट्टीला घरी आलेल्या मुलाला सकाळीच जेवताना बघून घराबाहेर पडलेला माणूस तो.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात हजर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तो मुलगा. त्याला त्यांनी माझ्या फोटोच्या स्टुलावर उभा केला. मुलगा शेंगा खात होता.

"नीट बघा," शेटजी म्हणाले. "हा मेला आहे का?"

"नाही शेटजी."

"मग हार कोणी घातला?"

"हार मी नाही, शेटजी, मी फक्त फोटो."

"सहा महिने माझ्या पोराला उदबत्ती चाललीये. मध्ये याला कांजिण्या झाल्या. का झाल्या ते आज कळलं." आणि इथे छत्री वर गेली. तिपाई, जिना, बाकी सगळं मी रंगवून सांगतो तसंच घडलं. मुलानं शेंगा खाणं थांबवलं नाही, हेही खरं.

दमल्यावर शेटजी खुर्चीवर बसले, साप्ताहिकाच्या समोर. मी पाणी दिलं. तेव्हा ते जे बोलले ते मी ओसरीवर कधी सांगत नाही. म्हणाले, "त्या घरात शहाणी एकच. ती बाई. मी पडलो तर सगळे माझ्या तोंडावर पाणी मारायला धावले. ती दारात उभी राहून म्हणाली, 'शेटजी, हाऊ तुमना शे का? मंग लई जा. मी बठ्ठासले सांगस, कोनी आयकत नही.' तिला त्यांनी भगताकडे उतारा करायला नेलं होतं, माहीत आहे? पोराला ओळखत नाही, डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. झेंडू तिच्या हातून घालून घ्यायचे. रोज सकाळी. धरून."

शेटजी गेले. मी दार लावून प्लेट काढली. यावेळी काचेच्या बाजूनं धरली. मागची रांग, उजवीकडून तिसरा. मी साधा छाप काढला आणि भिंग लावून बघितलं. डाव्या भुवईत खाच, तांदळाच्या दाण्याएवढी. हेडमास्तर बरोबर होते. पुढे एकदा रस्त्यात भेटले तेव्हा "आम्ही नीट लिहिलं होतं," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. फाटकावरच्या शिपायाबद्दल मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, नमस्कार केला.

मी तो चेहरा मोठा केला आणि पेन्सिल लावली नाही. बत्ताशासारखा होता तसाच ठेवला. अख्ख्या वर्गाचा छापही बरोबर घेतला, कारण आता माझ्या मोजण्यावर माझाच विश्वास नव्हता. पारोळ्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं गेलो. वाटभर एक भाषण जुळवत होतो. त्यात 'तांत्रिक दोष' हा शब्द होता.

बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी मोठा फोटो आधी काढला नाही, वर्गाचा छाप पुढे केला. तिनं हात लुगड्याला पुसले, छाप जमिनीवर ठेवला, वाकली, आणि एकही चेहरा न मोजता बोट ठेवलं. मग मी दुसरा फोटो दिला. तो तिनं हातातच ठेवला. अंगठा भुवईवरून एकदा फिरवला.

मला वाटलं, झालं. मी उठायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "आठे नही. पारवर चाल. तठे सांग."

तिला फोटो हवा होता हे खरंच, पण आता ते तेवढ्यावर भागणार नव्हतं. गावानं तिला वेडी ठरवलं होतं, शेटजींचं म्हणणंही 'सारखा दिसत असेल' म्हणून मोडीत काढलं होतं, आणि ती वेडी नाही हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. तो त्या वेळी मोटार चुकेल म्हणून घड्याळ बघत होता.

पारावर दीर होता, आबा म्हणवणारे दोन-तीन म्हातारे होते, भगतही होता. मी उभा राहिलो आणि भाषण केलं. प्लेटीची बाजू, आरसा, तांत्रिक दोष. माझ्याच कानाला ते शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं लागत होतं. माणसं माना डोलावत होती, कळत काही नव्हतं.

ती मागे उभी होती, फोटो छातीशी धरून. म्हणाली, "येस्ले समजी असं सांग." यांना समजेल असं.

मग मी आईच्या बोलीत सांगितलं. कितीतरी वर्षांनी ती चारचौघांत तोंडातून काढत होतो, अडखळत निघाली. "चूक मनी शे. तो पोऱ्या दुसराना व्हता. हाई माय पयलापासून खरं सांगी ऱ्हायनी व्हती." एवढंच.

 मग सगळ्यांत म्हातारे आबा म्हणाले, "हुई जास, भाऊ. मानुसनी जात." होतं असं. दीर म्हणाला, उन्हाचे आलात, चहा घ्या. कोणीतरी माझ्यासाठी घोंगडी पसरली. भगतानंही मान हलवली. लांबून येऊन चूक कबूल केली, केवढा मोठा माणूस, असंही कोणी म्हणालं.

मी तो चहा प्यायलो.  स्वतःच्या पोटचा पोर आपल्याला ओळखू येतो हे त्या बाईचं म्हणणं पटायला त्यांना सात महिने पुरले नव्हते. मला माफ करायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरला. तिच्याकडे वळून कोणी एक शब्द बोललं नाही. माझी बशी रिकामी झाली तर पुन्हा भरली. आणि मी, चुकलेला माणूस, घोंगडीवर मांडी घालून, दुधाचा चहा छान झालाय म्हणालो.

निघताना ती गाडीपर्यंत आली. मला वाटलं, निरोप द्यायला. तिच्या हातात वर्गाचा छाप होता. तिनं तो माझ्यापुढे धरला.

"भाऊ, एक सांग. तूच सांगेल व्हतं ना, काच धुई टाकी? मंग मना आंडोर तिनावर कसा ऱ्हायना?"

गाडीवान बैलांच्या शेपट्या हातात धरून थांबला होता. मी गाडीत चढून बसलो. पारावर सांगितलेल्या चुकीत न धुतलेल्या काचेचं हे खोटं नव्हतं, आणि नव्हतं हे तिला कळलं होतं. तिनं जरा वाट बघितली. मग छाप दुमडून कमरेला खोचला आणि वळली.

ती प्लेट मी नंतरही धुतली नाही. धंदा बंद केला, बाकीच्या काचा फ्रेमवाल्यानं गाडीभर नेल्या, ही एक राहिली. फडक्यात बांधून माझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात आहे. घरातली पोरं विचारतात, हे काय? मी म्हणतो, शाळेचा ग्रुप. यापुढे पुतणीनं विचारलं तर तिला ती नीट, काचेच्या बाजूनं धरून दाखवीन, मागच्या रांगेतला उजवीकडून तिसरा मुलगा दाखवीन, आणि ही काच धुतली असं तिच्या नानानंच एका आईला खोटं सांगितलं होतं, हेही सांगीन. छत्रीचं त्यानंतर ऐकायचं असेल तर ऐकेल.